अडलं तर मेल कर

ऋतिकाला फक्त एक जुना प्रोग्राम नव्या टूलकिटवर चालवून द्यायचा होता.

थांबलं. पहिल्याच ओळीत.

संगणकाचं असंच असतं. तो वरून खाली वाचत येतो, जिथे पटत नाही तिथे बसकण मारतो आणि पुढे कितीही चांगलं लिहिलेलं असलं तरी ढुंकून बघत नाही. मग ती ओळ दुरुस्त करायची आणि पुन्हा पहिल्यापासून चालवायचं. त्यातला 'फक्त' खोटा आहे. तो काढून टाकू.

पुन्हा.

ऋतिकाला एक जुना प्रोग्राम नव्या टूलकिटवर चालवून द्यायचा होता. साल २००३, एप्रिल महिना. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत, खाली ब्रशचा कारखाना आणि वर वॉल्टर सरांची कंपनी. कंपनी म्हणजे पत्र्याच्या छताखाली चार संगणक, एक कूलर आणि वॉल्टर सर. दुपारी छत इतकं तापायचं की संगणकांच्या आधी माणसंच बंद पडायची.

प्रोग्राम होता भुईगावच्या पाण्याचा. तिथे वाड्यावाड्यांत बावखलं आहेत. बावखल म्हणजे वाडीच्या कडेला पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. केळी, पानवेल, मोगरा, सगळं त्याच्यावर जगतं. पण हल्ली उन्हाळ्यात काही बावखलांचं पाणी मचूळ लागायला लागलं होतं. म्हणून दिनानाथ सरांनी, म्हणजे भुईगावच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आणि स्वतःची वाडी असलेल्या मास्तरांनी, गावातलं एकेक बावखल आणि एकेक विहीर मोजायला घेतली. बाटलीत पाणी भरायचं, मीठ किती ते तपासायचं, आकडा वॉल्टर सरांकडे पोचवायचा. प्रोग्राम त्या आकड्यांवरून पडद्यावर गावाचा नकाशा काढायचा. गोडं पाणी निळं, मचूळ पिवळं, खारट लाल.

आता पडद्यावर दिसतं ते सगळं, म्हणजे खिडक्या, बटणं, अक्षरं, रंग, हे प्रत्येकाने घरी सुतारकाम करून बनवायचं नसतं. त्याचा तयार संच मिळतो. त्यालाच टूलकिट म्हणायचं. जुन्या टूलकिटला मराठी येत नव्हतं, म्हणून नकाशावर सगळी नावं इंग्रजी अक्षरांत होती. नव्याला यायला लागलं होतं.

"एक मेला ग्रामसभा आहे," दिनानाथ सर म्हणाले होते. "आमच्या बायका डोळे बांधून सोडल्या तरी आपलं बावखल हुडकतील. पण ह्या अक्षरांत नाही हुडकणार. नाव मराठीत आलं पाहिजे, ऋतिका. नाव दिसलं की माणूस आपल्या पाण्यासाठी भांडतो."

"येईल, सर," ऋतिका म्हणाली.

नवं टूलकिट घातलं, प्रोग्राम पुन्हा बांधायला, म्हणजे लिहिलेलं संगणकाच्या भाषेत उतरवायला, लावला आणि पडदा चुकांनी भरून गेला. खालून वर पळणाऱ्या मुंग्यांसारख्या चुकाच चुका. वॉल्टर सरांनी कपाळाला हात लावला. ऋतिकाचा चेहरा मात्र उजळला. कारण प्रोग्राम लिहिला होता फेबियनने.

थांबलं. 'फेबियन': ह्या नावाची ओळख दिलेली नाही.

पुन्हा. आधी ओळख.

फेबियन भुईगावचा, कार्मिनआंटींचा धाकटा. वॉल्टर सरांकडे तो आणि ऋतिका एकाच महिन्यात लागले होते आणि एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायचे. वाडीतली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, तो खिशात घेऊन यायचा, खात खात टाइप करायचा, आणि मग 'एंटर'चं बटण चिकटतं म्हणून तिच्याच नावाने ओरडायचा.

त्या दोघांची काम करायची एक रीत होती. एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने ते मोठ्याने वाचायचं. कंस, अर्धविराम, सगळं. सायंप्रार्थनेला वाचतात तसं सुरात. चूक कुठे आहे ते डोळ्याला दिसत नाही पण कानाला खटकतं, असं फेबियनचं म्हणणं. खालचे ब्रशवाले कामगार जिन्यातून विचारायचे, "वर काय रोज नोवेनाची प्रार्थना चालते काय रे?"

एवढंच. त्या दोघांत दुसरं काही घडलं नाही. तो भुईगावचा कॅथलिक, ती विरार पूर्वेच्या फुलपाड्यातली, आईवडील रत्नागिरीकडचे. घडण्यासारखं काही आहे असं दोघांनी एकमेकांना कधी म्हटलं नाही. ऋतिकाने तर स्वतःलाही म्हटलं नाही. मग २००१ साली त्याचे कॅनडाचे कागद आले. शेवटच्या दिवशी त्याने बॅग खांद्याला लावली, जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबला, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाला,

"चल गं. काही अडलं तर मेल कर."

निघताना माणसं असं म्हणतातच. घरी या कधी, तब्येतीला जपा, अडलं तर सांगा. त्याच्यावर कोणी शिक्का मारून घेत नाही. पण ऋतिका नियमाची पक्की. अडलं तर, म्हणजे अडलं तरच.

आणि पुढची दोन वर्षं तिला काही अडलंच नाही.

हा तिचा दोष म्हणायचा. ती हुशार होती. फुलपाड्याच्या नाक्यावर रामूचं सायबर कॅफे होतं. आधी तिथे त्याचं एसटीडीचं बूथ होतं, त्या काचेच्या खोक्यातच आता एक संगणक होता. कामावरून येताना ती तिथे बसायची, फेबियनचा पत्ता टाइप करायची आणि मग स्वतःला विचारायची, काय अडलंय? नाताळला विचारलं. ईस्टरला विचारलं. त्याच्या वाढदिवसाला विचारलं. काही नाही अडलं. मग पत्ता एकेक अक्षर मागे खोडत यायची आणि उठायची.

"झालं, मॅडम? एवढ्यात?" रामू विचारायचा.

"झालं."

आणि आता, देवाने दिल्यासारख्या, पडदाभर चुका.

"ताई," तिची धाकटी बहीण पिंकी त्या संध्याकाळी म्हणाली, "कामात चुका निघाल्या म्हणून गुणगुणणारी तू पहिलीच हं. आई, बघ गं, हिला ऊन लागलंय."

पुन्हा.

ऋतिकाला एक जुना प्रोग्राम नव्या टूलकिटवर चालवून द्यायचा होता, पण लगेच नाही.

पहिला मेल तिने तीन वेळा लिहिला, आणि शेवटी उरला तो असा:

'फेबियन, बावखलांचा प्रोग्राम नव्या टूलकिटवर आणतेय. मजकुराच्या चौकटीचं जुनं फंक्शन सापडत नाही म्हणून थांबतो. काय करायचं? ऋतिका.'

उत्तर तिला माहीत होतं. नव्या टूलकिटबरोबर आलेल्या माहितीत पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामूने तिच्यासाठी खोका रिकामा करून दिला. मेल आलेला होता.

'ती चौकटच काढून टाकली त्यांनी. नवी दोन भागांत आहे. मजकूर एकीकडे साठवायचा, दाखवायचा दुसरीकडे. जुनीच्या जागी नवी नुसती ठेवून भागणार नाही, तो भाग उसवून पुन्हा शिवावा लागेल. बाकी ठीक. फे.

ता.क. इथे अजून बर्फ आहे. आंबे आले का?'

वरचा भाग तिने एकदा वाचला. ता.क. किती वेळा वाचला ते रामूच्या मीटरला माहीत.

उत्तरात तिला पुष्कळ लिहायचं होतं. विरार स्टेशनबाहेर हारे लागलेत, गल्लीभर वास सुटतो, आईने अढी घातलीय आणि पिंकी दर तासाला पेंढा उचकटून बघते. पण आंबे ही काही अडचण नव्हती. तिने पुढची चूक लिहिली आणि खाली दोन शब्द जोडले: 'आंबे आले.'

थांबलं.

का थांबलं? इथे तर चूक नाही. ऋतिकाच थांबली. त्या सकाळी तिने चाळीसेक चुका एका दमात सोडवल्या होत्या, हात चालत होता, आणि मग एकदम लक्षात आलं की ह्या वेगाने गेलं तर आठवड्यात सगळ्या संपतील. मग काय लिहायचं?

म्हणून ती चुका पुरवून वापरायला लागली. पाहुणा लांबला की दूध पुरवतात तशी. दहा सोडवायच्या आणि एक पाठवायची. पाठवायची तीही निवडून. फार सोपी नको, त्याला संशय यायचा. फार अवघड नको, त्याला वेळ लागायचा. स्वतःपुरता तिने नियमही केला होता: खोटी चूक पाठवायची नाही. जी पडद्यावर खरोखर आली तीच.

एकदा तिने सिग्नलचं विचारलं. बटण दाबलं की प्रोग्रामला निरोप जातो, त्या निरोपाला सिग्नल म्हणतात. ते जोडायची फेबियनची पद्धत नव्या टूलकिटमध्ये उरली नव्हती.

'आता नोंदणी आधी करावी लागते,' त्याने कळवलं. 'कुठला निरोप, कोणाकडून, काय काय घेऊन जाणार, हे सगळं आधी सांगायचं. पूर्वी आपण मोघम ठेवायचो ते आता चालत नाही.

ता.क. तू अजून मोठ्याने वाचतेस का? मी वाचतो. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी परवा विचारलं, घरी सगळं बरं आहे ना.'

ऋतिका काचेच्या खोक्यात एकटी हसली. मग हसू ओसरलं. ऑफिसात टेबलाच्या रिकाम्या बाजूकडे बघत ती रोज वाचत होती, कंस, अर्धविराम, सगळं. नवीन लागलेला जितेश कानांत वायर घालून बसायचा, त्यामुळे त्याचं काही बिघडत नव्हतं.

'हो, वाचते,' तिने लिहिलं. आणि पुढची चूक.

असे एप्रिलचे दिवस गेले. मोगरा महागला, छत आणखी तापलं, पडद्यावरच्या चुका विरळ होत गेल्या. आधी पानभर, मग ओंजळभर. फेबियनच्या ता.क.मधून मात्र बर्फ वितळला, मग चिखल झाला, मग त्याच्या खिडकीखालच्या झाडाला पालवी आली. त्याने त्या झाडाचं नाव विचारलं तर तिथल्या कोणालाच ठाऊक नव्हतं. 'आपल्याकडे असतं तर आईने पानं चुरगाळून वास घेऊन सांगितलं असतं,' त्याने लिहिलं होतं.

आणि मग फक्त एक राहिली.

थांबलं. संदर्भ सापडत नाही.

ही शेवटची चूक वेगळ्या जातीची. प्रत्येक फाइल आता बिनतक्रार बांधली जात होती. पण सगळ्या फाइली एकत्र जोडायची वेळ आली की संगणक म्हणायचा, अमुक फंक्शनचा संदर्भ सापडत नाही. नाव तर समोर लिहिलेलं, टूलकिटमध्ये फंक्शन आहेच, तरी सापडत नाही. घरात माणूस असून हाकेला ओ देत नाही तसं.

ही ऋतिकाला खरंच अडली. एवढे दिवस अडल्याचं सोंग केलं आणि खरी अडचण आली तेव्हा मेल करायला ती साफ विसरली! डबा उघडला नाही, कूलरकडे लक्ष नाही. टूलकिट काढून पुन्हा घातलं. तेच. आवृत्ती तपासली. बरोबर. मग जोडणाऱ्या प्रोग्रामलाच तिने बोलतं केलं, तू कुठली वस्तू कुठून उचलतोस ते सगळं सांग म्हणून, आणि आलेल्या लांबलचक ओळी मोठ्याने वाचायला लागली. वाचता वाचता कानाला खटकलं. एका ओळीत, लायब्ररीच्या म्हणजे फंक्शनांच्या साठ्याच्या पत्त्यात, 'फेबियन' हे नाव तिच्याच तोंडून बाहेर पडलं होतं.

जितेशने कानातली वायर काढली. "कोण?"

"कोणी नाही."

फेबियनचं फोल्डर त्या संगणकावर अजून होतं. आणि ऋतिकाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये एक ओळ होती: काहीही शोधायचं तर आधी फेबियनच्या घरात बघ. ती ओळ त्यानेच घातली होती, तिच्या खांद्यावरून वाकून, तिच्या कीबोर्डवर. तेव्हा नवं टूलकिट अजून बाजारात यायचं होतं. त्याची कच्ची आवृत्ती त्याने कुठूनशी उतरवून स्वतःच्या फोल्डरमध्ये बांधली होती, मराठी अक्षरं येतात का ते बघायला. ती आली होती, पण मोडकी. वेलांटी भलतीकडेच जाऊन बसायची. "असू दे हे इथे," तो म्हणाला होता, "शिकेल हळूहळू."

आणि दोन वर्षं तिचा संगणक प्रत्येक गोष्ट आधी तिथे शोधत होता. नव्या टूलकिटची यादी हातात घेऊन त्या कच्च्या टूलकिटच्या दारात उभा राहत होता, आणि आत ते नव्हतं.

तिने ती ओळ काढली. चालवलं.

चाललं.

भुईगाव पडद्यावर उमटलं. किनाऱ्याची रेघ, सुरूची रांग, गल्ल्या, वाड्या, आणि वाड्यांच्या कडेने निळे-पिवळे ठिपके. ठिपक्यांवर नावं, मराठीत, वेलांटीसकट जागच्या जागी. दिनानाथ मास्तरांची विहीर. चिंचेखालचं बावखल. कार्मिनचं बावखल, लाल.

एकही चूक नव्हती. ऋतिका बघत राहिली. मग पुन्हा चालवलं, उगाच. पुन्हा एकही नाही.

घर आवरून झाल्यावर बाईमाणूस रिकाम्या ओट्याकडे बघते, तसं तिने बघितलं. आणि मग तिने जे केलं ते तिच्यासारख्या नियमाच्या पक्क्या माणसालाच सुचावं. खोटी चूक पाठवायची नाही, हा नियम तर मोडायचा नव्हता. म्हणून तिने ती ओळ होती तिथे परत घातली, प्रोग्राम चालवला, आणि तो खरोखर अडला. अगदी खरा. पडद्यावर आलेली चूक तिने शब्दन् शब्द उतरवून घेतली आणि संध्याकाळी पाठवून दिली.

वॉल्टर सरांना सांगितलं, "एक राहिलीय, सर."

पुन्हा.

ऋतिकाला एक प्रोग्राम चालवून द्यायचा नव्हता.

दोन दिवस उत्तर नाही. ग्रामसभा तोंडावर आली. दिनानाथ सर पुठ्ठ्याची मोठी गुंडाळी काखेत घेऊन जिना चढून आले, घामाने निथळत.

"काय म्हणतंय आमचं भुईगाव?"

"एक चूक आहे अजून," ऋतिका म्हणाली. तिला त्यांच्याकडे बघवेना.

"अगं मग इंग्रजीत दाखवू," वॉल्टर सर म्हणाले. "जुना चालतोय ना? चालतोय ते दाखवा, सर. आकडे तेच, रंग तेच."

"नको रे, वॉल्टर. मी हा पुठ्ठा आणलाय. हाताने काढतो नकाशा, रात्री बसून. नावं तेवढी ठळक घालतो." सरांनी चष्मा पुसला. "हात थोडा थरथरतो हल्ली. पण तू ताण घेऊ नकोस, पोरी. यंत्रच ते. त्याला काय कळतंय एक मे?"

ऋतिकाने मान खाली घातली. त्या क्षणी सांगून टाकता आलं असतं. तोंड उघडलंही. पण जितेश बघत होता, वॉल्टर सर बघत होते, आणि 'झालंय, परवाच झालंय' म्हटलं तर पुढचा प्रश्न 'मग थांबलीस कशाला' हा होता.

त्या संध्याकाळी उत्तर आलं.

'तुझ्या सेटिंगमध्ये माझ्या फोल्डरचा पत्ता असणार. मीच घातला होता. तो काढ, चालेल.

पण हे तू अर्ध्या दिवसात शोधलं असतंस. आणि माझं फोल्डर तिथे अजून कसं? मी निघताना वॉल्टर सरांना ते काढून टाकायला सांगितलं होतं. का ठेवलंय?

फे.'

खाली ता.क. नव्हता. तिने पान खाली सरकवून बघितलं, आणखी खाली, पान संपेपर्यंत. नव्हताच.

वॉल्टर सरांनी सांगितलं होतं, हे खरं. डिस्क भरत आली की ते म्हणायचे, ऋतिका, ते फेबियनचं काढून टाक. ती हो म्हणायची आणि स्वतःच्या जुन्या फाइली उडवायची. जागा व्हायची. सरांचं समाधान व्हायचं.

का ठेवलंय? ह्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याही माहितीपुस्तकात पहिल्या पानावर नव्हतं. मेल बंद करून ती रामूच्या दुकानातूनच दिनानाथ सरांना फोन करायला उठली.

"सर, नकाशा काढायला घेतलात का?"

"किनारा झाला. आता गल्ल्या."

"ठेवून द्या, सर. चाललाय प्रोग्राम."

"चालला? कसा?"

"चालत होताच," ती म्हणाली. "मीच थांबवला होता."

पलीकडे सरांनी पुठ्ठा बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. उद्या लवकर ये. मशीन उतरवायला माणसं लागतील, मी सांगून ठेवतो." शाळेत इतकी वर्षं काढलेला माणूस. का ते त्यांनी विचारलं नाही.

पुन्हा, आणि आता थांबायचं नाही.

एक मेला सकाळी झेंडावंदन झाल्यावर भुईगावच्या शाळेच्या व्हरांड्यात टेबलावर संगणक मांडला. विजेचा भरवसा नाही म्हणून बॅटरी जोडली, पडद्यावर ऊन येतं म्हणून कोणीतरी चादर धरली. ग्रामसेवक विषय वाचत होते तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. बायकांची झुंबड टेबलाभोवती. कोणाच्या हातात पोर, कोणाच्या डोक्यावर पदर, कोणी लुगड्याचा काष्टा मारलेली, कोणी झग्यातली. प्रत्येकीला आपलं पाणी बघायचं होतं.

"हे बघ आमचं! निळं हाय अजून!"

"तुमचं निळं असणारच. पंप नाय ना तुमच्याकडे, रहाट हाय."

"आणि ह्यांचं बघ, पिवळं पडलं. कावीळ झाली!"

दिनानाथ सर एका बाजूला उभे होते. नाव वाचलं की बायकांचा आवाज चढतो, हे ते ऐकत होते.

गर्दीतून वाट काढत कार्मिनआंटी आल्या. बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि एकेक नाव वाचत बोट सरकवत नेलं. थांबलं ते लाल ठिपक्यावर.

"माझ्या बावखलाला लाल का केलंय गो?"

"खारट झालंय, आंटी. तीन बाजूंना पंप आहेत तुमच्या. गोडं उपसलं की समुद्राचं पाणी आत शिरतं."

"ते मला जिभेला कळतंय. पण असं लाल? सगळ्यांसमोर?" मग त्या वळल्या आणि चष्म्यावरून बघायला लागल्या. "तूच ना ऋतिका? फेबियनच्या ऑफिसातली?"

"हो."

"रविवारी फोन येतो त्याचा. सारखं तुझ्या मशीनचं सांगतो. आज हे अडलं, आज ते अडलं. परवा म्हणाला, मम्मी, एवढी हुशार पोरगी, हिला हे अडतंच कसं मला कळत नाही. मुद्दाम विचारते बहुतेक."

ऋतिकाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चादर धरणारा माणूस, बायका, पडदा, सगळं जरा लांब गेलं.

"मी म्हटलं त्याला," कार्मिनआंटी म्हणाल्या, "तिला अडत नाही तर तू कशाला सांगत बसतोस? एका ओळीत सांगून मोकळा हो. रात्र रात्र जागून एवढं लिहितोस ते कशाला?"

"मग?"

"मग काय? गप बसला. फोनचं बिल चढत होतं आणि हा गप." त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं आणि आवाज चढवला. "ओ मास्तर! हे लाल कमी कधी होणार ते विचारा त्या सरपंचाला! नुसतं नाव काय लावताय!"

सभेत पुढे बरंच भांडण झालं. पंपांवर झालं, टँकरवर झालं, नकाशा कोणी काढला आणि का काढला ह्यावर झालं. दिनानाथ सर खुशीत होते. ऋतिकाने मात्र ते अर्धवटच ऐकलं. दुपारी ती फुलपाड्याला उतरली ती घरी न जाता सरळ रामूच्या काचेच्या खोक्यात जाऊन बसली.

पत्ता टाइप केला. काय अडलंय, असं तिने स्वतःला विचारलं नाही.

'फेबियन,

प्रोग्राम चालतोय. तीन दिवसांपासून चालतोय. तो पत्ता मी मेल करण्याआधीच शोधला होता आणि काढला होता. मग परत घातला, कारण तुला लिहायला दुसरं काही नव्हतं. त्याआधीच्याही बहुतेक चुका मला सोडवता येत होत्या. सिग्नलची येत होती. चौकटीची तर येतच होती.

फोल्डर वॉल्टर सरांनी मला काढायला सांगितलं होतं. मी काढलं नाही. डिस्क भरली की माझं काढते. त्यात तुझी कच्ची अक्षरं आहेत. ती मी कधी कधी चालवते. वेलांटी चुकते ते बघते आणि बंद करते. का ठेवलंय म्हणून विचारलंस, तर एवढंच सांगता येतं. ह्याहून नीट मला सांगता आलं असतं तर तू जिन्यावर उभा होतास तेव्हाच सांगितलं असतं.

आंबे आले असं लिहिलं होतं, पण कसे ते लिहिलं नाही. यंदा लहान आहेत पण गोड. तुमच्या बावखलाचं पाणी खारट झालंय, नकाशावर लाल दिसतं, त्यावरून आंटी आज सरपंचांशी भांडल्या. तू असतास तर लाजला असतास. त्या तुझ्यासारख्याच बोट ठेवून वाचतात. तुझ्या बाजूला आता कोणी बसत नाही, जितेश खिडकीशी बसतो. मी वाचते ते कोणीच ऐकत नाही. 'एंटर'चं बटण बदललं, नवं चिकटत नाही.

तुला उत्तर द्यायचं नसेल तर देऊ नकोस. पण द्यायचं असेल तर ह्यात विचारलेलं काही नाही, त्यामुळे कशाचं द्यायचं ते तुझं तू बघ.

ऋतिका'

तिने वाचलं नाही. वाचलं असतं तर चूक सापडली असती. पाठवून दिलं.

पडद्यावर 'पाठवला' असं आलं. ऋतिका हात मांडीवर ठेवून बसली. बाहेर रिक्षावाले एकमेकांवर ओरडत होते, कोणाच्या तरी खिडकीत महाराष्ट्र दिनाचं भाषण लागलं होतं. तिकडे आता पहाट असेल, तो झोपला असेल. उठेल, वाचेल. की वाचून उठेल आणि खिडकीशी जाऊन ते बिननावाचं झाड बघत बसेल. कळायला मार्ग नव्हता.

रामूने काचेवर टकटक केलं. "झालं का, मॅडम? एक गिऱ्हाईक थांबलंय."

झाडावरून तिला आठवलं, दिनानाथ सरांच्या वाडीतला सोनचाफा ह्या वर्षी तोडला, भिंत घालायची म्हणून. फेबियनला ते माहीत नसणार. शाळेत जाताना तो त्याखालूनच जायचा.

"त्यांना बसायला सांगा जरा," ऋतिका म्हणाली आणि तिने नवा, कोरा मेल उघडला. "अजून आहे."